पोटभाडेकरू

गनीचाचा हुर्झुक, वय एकसष्ट,
सोहार बंदरातल्या क्रेनना वंगण घालणारा,
औषधांच्या खिडकीशी येऊन म्हणाला,
"बाय गो, मना सगला पिवला दिसतंय."

मी आधी हसले.
ऑगस्टात इथे पिवळं नाही असं काय असतं?
भिंती, आभाळ, बातिना महामार्गावरची धूळ,
टाकीवर चोच उघडी टाकून बसलेला कावळासुद्धा.
मग त्याने बोट दाखवलं माझ्या पांढऱ्या कोटाकडे.
ट्यूबलाइटभोवतीच्या कड्याकडे.
दोन दिवस पेजही पोटात ठरत नव्हती.
मनगट धरलं. नाडी अडतीस.

नऊ वर्षं मीच त्याला डिगॉक्सिन देतेय.
इतरांना अर्धी गोळी भारी पडते, त्याला दोन लागायच्या,
तरी रक्तात जेमतेम खूण उमटायची.
डॉक्टर बदरिया विचारायच्या, "घेतो ना नक्की? की विकतो?"
तो गळ्याला चिमूट लावून शपथ घ्यायचा.
माझाही विश्वास नव्हता बसला.
हे इथे लिहून ठेवते.

तो घेत होता.
वाटेत कुणीतरी खात होतं.

आतड्याच्या पार आतल्या वळणावर, जिथे हवा पोचत नाही,
तिथे एक जंतू राहतो : एगर्थेला लेंटा.
लेंटा म्हणजे मंद. सवडीने वाढणारा.
लेबर कार्ड नाही, कफील नाही.
श्रीवर्धनहून आला याच्याच पोटातून, फुकट,
की इथे मेसमधल्या पहिल्या खुब्सासोबत चिकटला,
कोण सांगणार?
रेणूतला एक दुहेरी बंध तो उघडतो,
दोन हायड्रोजन चिकटवतो,
आणि बाजूला होतो.
एवढ्यावर औषध औषध राहत नाही,
नुसतं एक कडू नाव उरतं.

गेल्या आठवड्यात चाचाला खोकला झाला.
खालच्या बंकवरच्या सियालकोटी गड्याने
आपली उरलेली पट्टी दिली, जंतू मारायची.
भलं माणूस. चहाही करून दिला.
खोकला गेला.
पोटातले बिऱ्हाडकरूही गेले, एका रात्रीत,
कँप रिकामा करायची नोटीस लागावी तसे.
आणि वाटेत कुणीच नसल्यामुळे
गोळी पहिल्यांदा अख्खी पोचली.
हुंडीवाल्याची कापणी न होता पगार हातात पडावा तशी.
हृदयाला तो झेपला नाही.

"सगळं खापर एकट्या जंतूवर नको,"
बदरिया म्हणाल्या, "मूत्रपिंडंही बघू.
ती पट्टी दुसऱ्या वाटेनेही पातळी चढवते."
बरोबर आहे त्यांचं.
पण मी माझ्या मात्रांच्या पुस्तकाकडे बघत होते :
वय, वजन, मूत्रपिंड, यकृत,
आणि भरती फॉर्मकडे :
देश, कंपनी, खोली, बंक नंबर.
कुठेच रकाना नव्हता
आत आणखी कोण कोण राहतं याचा.

मराठीत आपण माणसं पोटात घालतो,
रहस्यं पोटात ठेवतो,
पोटासाठी समुद्र ओलांडतो.
पोटाला विचारत मात्र नाही.

तिसऱ्या दिवशी चाचा म्हणाला, कोट पांढरा झाला.
चौथ्या दिवशी म्हणाला, पन मलका हाय.
म्हणजे बरा झाला.

घरी जाताना त्याला सगळं समजावलं,
कागदावर आतड्याची वळणं काढून.
तो बराच वेळ बघत राहिला,
जशी जेट्टीवर अडकलेली साखळी बघत असेल.
"परत येतील?"
"येतील बहुतेक. हळूहळू. दर महिन्याला रक्त तपासायचं."
"मग पुना दोन?"
"कदाचित."

"येवं दे," तो म्हणाला,
"इतकी वरसां त्यांचा वाटा मीच गिलत व्हतो."

खिशातून पट्टी काढली, एक गोळी उरली होती,
ती माझ्या खिडकीत ठेवली
आणि कंपनीच्या बसकडे निघाला,
एक हात पोटावर,
आत कुणी झोपलेलं असावं तसा.